इंटरनेट बंद झाल्यावर: आदेश मागण्याची, वाचण्याची आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची पद्धत

लासलगावच्या बाजार समितीत विकलेल्या कांद्याचे पैसे शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा होतात, सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतून निघणाऱ्या मालाची ई-वे बिले ऑनलाइन तयार होतात, रेशन दुकानातील ई-पॉस यंत्र अंगठा घेतल्यावरच धान्याची पावती देते आणि मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी परीक्षेचा अर्ज मोबाइलवरूनच भरतो. सरकारच्या एका आदेशाने ही सारी कामे एकाच वेळी अडू शकतात. हा अधिकार सरकारला कायद्याने दिलेला आहे हे खरे असले, तरी तो अमर्याद नाही, आणि त्याच्या मर्यादा नागरिकाला वापरता येतील इतक्या स्पष्ट आहेत. भारतात इंटरनेट बंद करण्याचा कायदेशीर मार्ग लेखी आदेशातून जातो. तो आदेश सक्षम अधिकाऱ्याचा असावा लागतो, त्यात कारणे, क्षेत्र आणि मुदत नमूद असावी लागते आणि तो प्रसिद्ध करावा लागतो. पुढे सांगितलेली प्रत्येक पायरी या आदेशाच्या प्रतीवर अवलंबून आहे, म्हणून नाशिकमधील वाचकाने सर्वांत आधी ती प्रत मिळवण्याची तयारी ठेवावी.

आधी बिघाड की बंदी, हे ठरवावे

मोबाइलवरील इंटरनेट थांबले म्हणजे बंदीच झाली, असे मानू नये. घरात किंवा शेजारी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे असतील, तर दोन्हींवर डेटा चालतो का ते पाहावे. घरचे ब्रॉडबँड सुरू आहे का, साधा फोन लागतो का आणि एसएमएस जातो का, हेही तपासावे. सर्व कंपन्यांचा मोबाइल डेटा एकाच वेळी बंद असेल आणि फोन मात्र लागत असतील, तर सरकारी आदेशाची शक्यता बळावते, कारण अशा आदेशांत बहुधा मोबाइल डेटाच थांबवला जातो. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून थेट विचारावे. शासनाच्या सूचनेनुसार सेवा बंद असल्याचा एसएमएस आला, तर तो जपून ठेवावा.

त्याच दिवशी वहीत चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: सेवा कोणत्या तारखेला व किती वाजता बंद झाली, कोणत्या भागात, कोणत्या कंपनीची, आणि त्यामुळे आपले नेमके कोणते काम अडले. पुढे अर्जात किंवा याचिकेत हीच नोंद उपयोगी पडते. महिनाभराने आठवून लिहिलेल्या मजकुराला तेवढे वजन राहत नाही.

अधिकार कोणाचा आणि किती दिवसांचा

या अधिकाराचे मूळ १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाच्या कलम ५(२) मध्ये होते. 'सार्वजनिक आणीबाणी' किंवा 'सार्वजनिक सुरक्षितता' या दोन कारणांसाठी सरकार संदेश अडवू शकत असे. इंटरनेट बंद करण्यासाठी स्वतंत्र नियम मात्र ऑगस्ट २०१७ मध्ये आले. त्यापूर्वी बहुतेक ठिकाणी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे जमावबंदीच्या कलमाखाली, जिल्हा पातळीवरच असे आदेश निघत. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्र्यंबकेश्वर तालुक्यातील तळेगावच्या घटनेनंतर नाशिक जिल्ह्यात तणाव पसरला आणि मोबाइल इंटरनेट बंद ठेवण्यात आले, तो प्रसंग त्या जुन्या काळातला आहे.

आज लागू असलेला कायदा म्हणजे दूरसंचार अधिनियम, २०२३. त्याचे कलम २० हे २६ जून २०२४ पासून अमलात आले आणि त्याखाली सेवांच्या तात्पुरत्या निलंबनाचे नियम २२ नोव्हेंबर २०२४ रोजी अधिसूचित झाले. या नियमांप्रमाणे केंद्राच्या बाबतीत केंद्रीय गृह सचिव आणि राज्याच्या बाबतीत गृह विभागाचा कार्यभार असलेले सचिव हेच आदेश काढू शकतात. अपरिहार्य परिस्थितीत सहसचिव किंवा त्याहून वरच्या दर्जाचा, रीतसर प्राधिकृत केलेला अधिकारी आदेश काढू शकतो, परंतु सक्षम अधिकाऱ्याने चोवीस तासांच्या आत त्यावर शिक्कामोर्तब केले नाही, तर तो आदेश आपोआप संपतो. कोणताही आदेश एका वेळी पंधरा दिवसांहून अधिक चालू शकत नाही. आदेश निघाल्यावर तो पुनर्विलोकन समितीकडे जातो. राज्यात या समितीचे अध्यक्ष मुख्य सचिव असतात आणि समितीने पाच दिवसांत बसून आदेश कायद्याला धरून आहे की नाही याचा निष्कर्ष नोंदवायचा असतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण तो सुशिक्षित माणसांतही आढळतो. जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा पोलीस अधीक्षक यांना स्वतःच्या सहीने इंटरनेट बंद करण्याचा अधिकार या नियमांनी दिलेला नाही. ते गृह विभागाकडे प्रस्ताव पाठवू शकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालील आदेश किंवा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील मनाई आदेश हे जमाव, मिरवणुका, शस्त्रे, घोषणा यांच्यासाठी आहेत, आणि शहरात कलम ३७ चे आदेश वर्षभर पंधरा-पंधरा दिवसांचे निघत असतात. जमावबंदीचा आदेश दाखवून इंटरनेट बंदीचे समर्थन कोणी करत असेल, तर नम्रपणे पण ठामपणे दुसरा आदेश मागावा.

दुसरा घोळ 'आणीबाणी' या शब्दाभोवती होतो. २५ जून १९७५ रोजी घोषित झालेली आणि मार्च १९७७ मध्ये उठलेली आणीबाणी संविधानाच्या अनुच्छेद ३५२ खालची होती. तिच्या अनुभवानंतर १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' हे कारण काढून 'सशस्त्र उठाव' हे कारण घातले आणि अनुच्छेद २० व २१ मधील हक्क आणीबाणीतही निलंबित करता येणार नाहीत अशी तरतूद केली. इंटरनेट बंदीसाठी अनुच्छेद ३५२ ची घोषणा लागत नाही. म्हणजेच तिच्या काळात आपले सर्व मूलभूत हक्क पूर्ण अमलात असतात आणि न्यायालयात मागताही येतात. 'सार्वजनिक आणीबाणी'चा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये फोन टॅपिंगच्या प्रकरणात सांगितला आहे: मोठ्या जनसमूहावर परिणाम करणारी, अचानक उद्भवलेली आणि तातडीच्या कृतीची गरज निर्माण करणारी परिस्थिती. ही परिस्थिती कोणाही सामान्य माणसाला दिसण्यासारखी असली पाहिजे, ती गुप्त असू शकत नाही, असेही त्याच निर्णयात म्हटले आहे. एखादी परीक्षा, मोर्चाची नुसती शक्यता किंवा प्रशासनाची सोय या व्याख्येत बसते का, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारण्यासारखा आहे.

आदेश कसा वाचावा

आदेश हाती आल्यावर तो घाईने वाचू नये. प्रथम तो कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली काढला आहे हे पाहावे. जुन्या तार अधिनियमाचा किंवा २०१७ च्या नियमांचा उल्लेख असेल, तर ती बाब टिपून ठेवावी. मग सही कोणाची आहे, त्या अधिकाऱ्याचे पद काय आणि पुष्टीची गरज असेल तर ती चोवीस तासांत झाली का, हे तपासावे. त्यानंतर मुदत पाहावी. आरंभाची आणि अखेरीची तारीख व वेळ स्पष्ट नसेल आणि 'पुढील आदेशापर्यंत' असे शब्द असतील, तर तो आदेश गंभीर आक्षेपास पात्र आहे, कारण अनिश्चित काळाची बंदी चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

क्षेत्राचा मुद्दा आपल्या जिल्ह्यात विशेष महत्त्वाचा आहे. नाशिक जिल्हा पंधरा तालुक्यांचा आहे. मालेगाव शहरातील किंवा जुन्या नाशकातील एखाद्या भागात तणाव असताना सुरगाणा, पेठ किंवा चांदवडमधील सेवा का थांबवली, याचे उत्तर आदेशात असायला हवे. 'संपूर्ण जिल्हा' हे शब्द सर्वांत सोपे असतात आणि सर्वांत जास्त लोकांचे नुकसान करतात. हीच कसोटी सेवेच्या प्रकाराला लावावी: केवळ मोबाइल डेटा थांबवला आहे, की ब्रॉडबँड आणि एसएमएसही?

सर्वांत जास्त वेळ कारणांच्या परिच्छेदाला द्यावा. 'कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता आहे' एवढेच वाक्य म्हणजे कारण नव्हे. कोणती घटना घडली, कोणत्या प्रकारची अफवा पसरत होती, तिचा इंटरनेटशी काय संबंध होता आणि कमी कठोर उपाय का पुरले नसते, याचा विचार झालेला दिसला पाहिजे. अनुराधा भसीन विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयाचा गाभा हाच आहे. ४ ऑगस्ट २०१९ पासून जम्मू-काश्मीरमध्ये लागू झालेल्या बंदीविषयीचे ते प्रकरण होते. इंटरनेटच्या माध्यमातून होणारी अभिव्यक्ती अनुच्छेद १९(१)(क) खाली आणि इंटरनेटवरून चालणारा व्यापार-व्यवसाय अनुच्छेद १९(१)(छ) खाली संरक्षित आहे. बंदी प्रमाणशीर, म्हणजे धोक्याच्या मानाने गरजेपुरतीच, असली पाहिजे. आदेश प्रसिद्ध केलाच पाहिजे. आणि तो न्यायालयात तपासला जाऊ शकतो, असे न्यायालयाने म्हटले. सरकारने सर्व आदेश न्यायालयासमोर ठेवले नव्हते, यावरही न्यायालयाने नापसंती नोंदवली.

या निर्णयाकडून जास्तीची अपेक्षा मात्र करू नये. इंटरनेट हा स्वतःच मूलभूत हक्क आहे, असे न्यायालयाने त्यात म्हटलेले नाही, आणि काश्मीरमधील सेवा त्याच दिवशी सुरू करण्याचा आदेशही दिला नाही. तेथे वेगवान ४जी सेवा परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडले. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात इंटरनेटची उपलब्धता शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानली आहे. आपल्या अर्जात दोन्हींचा उल्लेख करावा, पण त्यांत जेवढे म्हटले आहे तेवढेच लिहावे.

सरकारची बाजू समजून घेणेही आदेश वाचण्याचा भाग आहे. १ जुलै २०१८ रोजी शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. ती अफवा मोबाइलवरूनच फिरत होती. त्याच सुमारास मालेगावात अशाच संशयावरून जमावाच्या तावडीत सापडलेल्या एका कुटुंबाला पोलिसांनी वाचवले. अशा प्रसंगी काही तास अफवेचा वेग रोखणे हा प्रशासनाचा खोटा बहाणा नसतो. पण अफवा खोडून काढणारा पोलिसांचा खुलासाही त्याच मोबाइलवरून लोकांपर्यंत पोचतो, आणि मालेगावातील ते कुटुंब वाचले ते पोलीस प्रत्यक्ष तेथे पोचले म्हणून. प्रशासनाने हे दोन्ही मुद्दे तोलले होते का, हे कारणांच्या परिच्छेदावरून कळते. तोलल्याचे दिसले, तर आदेश मान्य करायला माझी हरकत नाही. दिसले नाही, तर तो आव्हान देण्याजोगा आहे.

प्रत मिळवण्याची पद्धत

पहिल्या दिवशी गृह विभागाचे आणि जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ, दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे आणि आकाशवाणीवरील बातम्या पाहाव्यात. मोबाइल इंटरनेट बंद असताना संकेतस्थळावर टाकलेला आदेश बाधित भागातल्या माणसाला दिसत नाही, ही अडचण उघड आहे. म्हणून बंदी नसलेल्या गावातील नातेवाइकाला फोन करून तो वाचून दाखवण्यास सांगावे. आदेश सापडला नाही, तर साध्या कागदावर जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे पत्र लिहावे आणि सीबीएसजवळच्या जिल्हाधिकारी कार्यालयात आवक शाखेला देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. शहर हद्दीतील घटना असेल तर एक प्रत पोलीस आयुक्तांना आणि ग्रामीण हद्दीतील असेल तर नाशिक ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांना द्यावी. पोच नसलेले पत्र पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडत नाही.

याबरोबरच माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. आदेश काढणारा विभाग मंत्रालयात असल्यामुळे अर्ज 'जन माहिती अधिकारी, गृह विभाग, मंत्रालय, मुंबई' यांच्या नावे असावा. तो राज्य शासनाच्या ऑनलाइन माहिती अधिकार संकेतस्थळावरूनही भरता येतो. शुल्क १० रुपये आहे. कागदी अर्जावर तेवढ्या किमतीचा कोर्ट फी स्टॅम्प लावता येतो, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला हे शुल्क माफ आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि साधारणपणे दीडशे शब्दांत असावा लागतो, म्हणून तक्रार, संताप आणि युक्तिवाद अर्जात न घालता केवळ कागद मागावेत. मजकूर असा लिहिता येईल:

"नाशिक जिल्ह्यात दिनांक ____ पासून दिनांक ____ पर्यंत इंटरनेट सेवा निलंबित करण्यात आली होती. त्याबाबत पुढील अभिलेखांच्या प्रती द्याव्यात. (१) निलंबनाचा मूळ आदेश व मुदतवाढीचे आदेश. (२) प्राधिकृत अधिकाऱ्याने आदेश काढला असल्यास सक्षम अधिकाऱ्याने केलेल्या पुष्टीची प्रत. (३) जिल्हा प्रशासन किंवा पोलिसांकडून आलेला प्रस्ताव. (४) पुनर्विलोकन समितीच्या बैठकीची तारीख व तिने नोंदवलेला निष्कर्ष. (५) आदेश कोठे व कोणत्या तारखेला प्रसिद्ध केला, याचा अभिलेख. माहितीचा काही भाग देता येत नसल्यास कलम १० नुसार उर्वरित भाग द्यावा."

शेवटचे वाक्य वगळू नये. पोलिसांच्या प्रस्तावातील काही मजकूर कलम ८ खाली सुरक्षेच्या कारणावरून रोखला जाण्याची शक्यता असते, पण कलम १० मुळे बाकीचा कागद देणे भाग पडते. मूळ आदेश तर प्रसिद्धच करायचा असल्याने तो गोपनीय असल्याचे उत्तर टिकणारे नाही. तसे उत्तर आल्यास अनुराधा भसीन निर्णयाचा हवाला देऊन अपील करावे.

उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. माहितीचा संबंध एखाद्याच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी असेल, तर कलम ७(१) नुसार ती अठ्ठेचाळीस तासांत द्यावी लागते. डायलिसिसचा रुग्ण, दूरस्थ वैद्यकीय सल्ल्यावर असलेली गर्भवती किंवा अटकेत असलेला माणूस यांच्या संदर्भात ही तरतूद जरूर वापरावी, परंतु व्यवसायाच्या नुकसानीसाठी ती वापरू नये, कारण तसे केल्याने तरतुदीचेच वजन कमी होते. मुदतीत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर तीस दिवसांत पहिले अपील त्याच कार्यालयातील प्रथम अपीलीय अधिकाऱ्याकडे आणि त्यानंतर नव्वद दिवसांत दुसरे अपील राज्य माहिती आयोगाकडे करता येते. नाशिकमधील कार्यालयांविरुद्धची दुसरी अपिले आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे चालतात.

हा खटाटोप एका माणसापुरता नाही. संसदेच्या माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२१ मधील अहवालात असे नोंदवले की देशभरातील इंटरनेट बंदीची एकत्रित नोंद केंद्राचा दूरसंचार विभाग किंवा गृह मंत्रालय ठेवतच नाही. जी नोंद सरकार ठेवत नाही, ती नागरिकांच्या अर्जांतूनच उभी राहते.

बंदीच्या काळातील व्यवहार

फोन आणि एसएमएस सुरू असतील, तर बँकेत नोंदवलेल्या क्रमांकावरून *९९# फिरवून इंटरनेटशिवाय यूपीआय व्यवहार करता येतो. त्याची नोंदणी मात्र आधीच करून ठेवावी लागते. थोडी रोकड, महत्त्वाचे फोन क्रमांक कागदावर, सातबारा, औषधांच्या चिठ्ठ्या आणि ओळखपत्रांच्या छापील प्रती घरात असाव्यात. व्हीपीएन (इंटरनेटवरील आपली ये-जा दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारी सेवा) वापरणे देशात सरसकट बेकायदा नाही, पण देशातील काही जिल्ह्यांत तणावाच्या काळात त्यावर मनाई आदेश निघाले आहेत, म्हणून स्थानिक आदेश वाचल्याशिवाय ते वापरू नये. ऐकीव बातमी फोनवरून पुढे सांगणे हेही पुढे पाठवण्यासारखेच आहे, हे घरातल्या मोठ्यांना आणि मुलांना सांगावे.

नोटीस आली किंवा मोबाइल मागितला तर

तणावाच्या काळात व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनना पोलीस ठाण्यातून नोटिसा जातात. पूर्वी 'एकशे एकोणपन्नासची नोटीस' म्हणून ओळखली जाणारी ही नोटीस आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली येते. ती प्रतिबंधात्मक असते. ती मिळणे म्हणजे गुन्हा नोंदला जाणे नव्हे. ती स्वीकारावी, प्रत ठेवावी आणि ग्रुपमध्ये सूचना द्यावी. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू दिसत नसेल तर, केवळ ॲडमिन म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये ठरवले आहे.

त्याच संहितेच्या कलम ३५(३) खालील नोटीस वेगळी असते. तिच्यात चौकशीसाठी हजर राहण्यास सांगितलेले असते. तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास अटकेला कारण मिळते, म्हणून दिलेल्या वेळी वकिलासह जावे. पोलीस मोबाइल जप्त करत असतील, तर कोणत्या गुन्ह्यात आणि कोणत्या कलमाखाली, हे विचारावे. पंचनाम्यात मोबाइलचा आयएमईआय क्रमांक (त्या यंत्राचा स्वतंत्र ओळख क्रमांक) व स्थिती लिहिली आहे का ते पाहावे आणि प्रत मागावी. नव्या संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रीकरण करणे पोलिसांवर बंधनकारक आहे, याची शांतपणे आठवण करून द्यावी. पासवर्ड देण्याची सक्ती करता येते का, यावर न्यायालयांची मते एकसारखी नाहीत. दुसरीकडे, स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती अनुच्छेद २०(३) ने मनाई केलेली आहे. त्यामुळे वकिलाशी बोलल्याशिवाय पासवर्ड देऊ नये, आणि फोनमधील काहीही पुसून टाकू नये, कारण पुरावा नष्ट करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. अटक झाल्यास कारण कळवणे, नातेवाइकाला खबर देणे आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे, या तिन्ही गोष्टी पोलिसांना टाळता येत नाहीत.

सर्व इंटरनेट चालू असताना एखादे संकेतस्थळ किंवा खातेच दिसेनासे झाले, तर कायदा बदलतो. ती कारवाई बहुधा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६९क खाली आणि २००९ च्या नियमांखाली होते. या नियमांत तातडीच्या प्रसंगी सुनावणीशिवाय अडवण्याची सोय आहे आणि नियम १६ मध्ये गोपनीयतेची अट आहे, त्यामुळे माहिती अधिकारातून हाती फारसे लागत नाही. श्रेया सिंघल प्रकरणात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारे कलम ६६क रद्द केले आणि ६९क कायम ठेवले. ते कायम ठेवताना न्यायालयाने एक आधार असा दिला की कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि म्हणून त्यांना अनुच्छेद २२६ खाली आव्हान देता येते. ज्याचा मजकूर अडवला गेला, त्याने याच वाक्याच्या आधारे उच्च न्यायालयात आदेशाची प्रत मागावी.

उच्च न्यायालयात जाताना

नाशिक जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या मुंबईतील मुख्य पीठाच्या कक्षेत येतो. अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका तेथेच दाखल करावी लागते. इतर उच्च न्यायालयांनी दिलासा दिल्याची उदाहरणे आहेत: गुवाहाटी उच्च न्यायालयाने १९ डिसेंबर २०१९ रोजी आसाममधील मोबाइल इंटरनेट सुरू करण्यास सांगितले आणि कलकत्ता उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये दहावीच्या परीक्षेच्या काळातील पश्चिम बंगालमधील बंदीच्या आदेशाला स्थगिती दिली.

याचिकेत मागणी नेमकी असावी. बंदी चालू असेल तर ती उठवण्याची किंवा क्षेत्र कमी करण्याची, आणि संपली असेल तर आदेश व समितीचा निष्कर्ष प्रसिद्ध करण्याची मागणी करता येते. 'बंदी संपली, आता याचिकेत काही उरले नाही' असा मुद्दा सरकार मांडते, आणि पंधरा दिवसांच्या आत सुनावणी होणे कठीण असल्याने तो पुष्कळदा मान्य होण्याचा धोका असतो. प्रसिद्धीची मागणी सुरुवातीलाच घातलेली असेल, तर याचिका जिवंत राहते. पुराव्यात वहीतील नोंदी, कंपनीचा एसएमएस, पोच असलेली पत्रे, माहिती अधिकाराची उत्तरे आणि नुकसानीचे कागद जोडावेत. स्क्रीनशॉट किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. ते वकिलाकडून वेळीच तयार करून घ्यावे.

याचिका एकट्याने करण्यापेक्षा व्यापारी संघटना, पालक, रुग्ण आणि पत्रकार यांनी मिळून केलेली बरी, कारण वेगवेगळ्या प्रकारची हानी एका ठिकाणी दिसल्यावर प्रमाणशीरतेचा मुद्दा आपोआप उभा राहतो. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा १५१०० या क्रमांकावर विचारावे. उच्च न्यायालयातील कामासाठी तेथील स्वतंत्र विधी सेवा समिती आहे.

सिंहस्थापूर्वी करून ठेवण्याचे काम

२०२७ मध्ये नाशिक आणि त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ कुंभमेळा भरेल. गर्दीच्या काळात मनाई आदेश निघणे स्वाभाविक आहे, आणि दूरसंचार सेवांवर मर्यादा आणण्याचा विचारही प्रशासनासमोर येऊ शकतो. प्रसंग उभा राहिल्यावर धावपळ करण्यापेक्षा आजच एक निवेदन द्यावे, आणि त्यात तीनच मागण्या ठेवाव्यात. निलंबनाचा प्रत्येक आदेश निघाल्याबरोबर जिल्हाधिकारी कार्यालय, प्रत्येक तहसील कार्यालय आणि पोलीस ठाण्याच्या सूचना फलकावर मराठीत लावावा आणि आकाशवाणीवरून वाचून दाखवावा. रुग्णालये, रेशन दुकाने आणि बँका यांच्या सेवा कशा चालू ठेवणार, याची योजना आधी जाहीर करावी. पुनर्विलोकन समितीचा निष्कर्ष बंदी संपल्यावर ठरावीक दिवसांत प्रसिद्ध करावा. ग्रामपंचायतीने किंवा बाजार समितीने याच मजकुराचा ठराव केला, तर त्याची प्रत जोडावी. निवेदन गृह विभागाचे सचिव, विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी आणि आपल्या मतदारसंघाचे आमदार यांना स्पीड पोस्टाने किंवा समक्ष द्यावे, पोच घ्यावी आणि महिन्याभरात उत्तर आले नाही तर त्या निवेदनावर काय कार्यवाही झाली, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज करावा.